नांगरास योग्य जागा

बा,

आज दुपारी ती यादी मी पुन्हा एकदा नक्कल करून काढली. जव्हार दरबारच्या नोकरीतून मोकळं होऊन मला वर्ष झालं, तरी डहाणूच्या अंगाला कुणी पाहुणा हौसेची होडी घेऊन येणार असला की कचेरीतला माणूस अजून माझ्याच दारात येतो. यादी म्हाताऱ्याच्या हातचीच हवी, असा तिकडे दंडक पडलाय. मी चष्मा शोधल्यासारखं करतो, त्याला ओटीवर जरा तिष्ठत ठेवतो आणि मग दौत पुढे ओढतो. एवढा तोरा तू मला मिरवू देशील. अकरा जागा आहेत तिच्यात. खाडीच्या पोटातल्या, वारा न शिरणाऱ्या, होडी रात्रभर निर्धास्त उभी राहील अशा. तीस वर्षं झाली, त्यातल्या एकीनेही कुणाला दगा दिला नाही. डोंगरातल्या माणसाने, ज्याला पोहतासुद्धा येत नाही, समुद्रावरच्या लोकांना निजायच्या जागा नेमून दिल्या. आपल्या जामसरातून असा दुसरा कोण निघाला ते दाखव.

पण त्या यादीची सुरुवात समुद्रावर झालेली नाही. ती आपल्या खालच्या खाचरात झाली. मी जव्हारच्या शाळेतून घरी आलोय, धुतलेलं धोतर दोन्ही हातांनी वर धरून बांधावरून चालतोय, आणि खाली तू चिखलणी करतोयस. मला चिखल नकोसा झालाय. शाळेत पोरं माझ्या टाचांच्या भेगा दाखवून हसतात, म्हणून मी दगडाने पाय घासघासून ते गोरे करायच्या नादाला लागलोय. तू हाक मारून विचारतोस, वरच्या कोपऱ्यात आज लावणी घेता येईल का ते बघून सांग. मी बांधावरूनच मान लांब करतो आणि म्हणतो, येईल. तू बैल थांबवतोस.

"जमीन डोळ्यानी नाय बघायची," तू म्हणालास. "पायानी बघायची. उतर."

मी उतरलो. धोतराचं काय झालं ते आईने पुढे चार दिवस ऐकवलं. तू मात्र त्या दिवशी मला सगळा वरचा कोपरा पायांनी वाचायला लावलास. आधी टाच घालायची, अंगाचा भार द्यायचा, दहा श्वास थांबायचं आणि मग पाय उपसायचा. लगेच सुटला तर जमीन पातळ, ती रोपाला धरणार नाही. आवाज करून सुटला तर बरी. आणि सुटायलाच मागत नसेल, दुसऱ्याने हात द्यावा लागला, तर तिला धर आहे. धर हा शब्द म्हणताना तू मूठ आवळायचास. संध्याकाळी गुरं वळवताना आणखी एक गोष्ट सांगितलीस. गुरं जिथे आपण होऊन बसतात तिथे वारा नसतो, ते माणसाला विचारू नये. मला तेव्हा दोन्ही गोष्टी अडाण्याच्या वाटल्या. परीक्षेत त्यांना गुण नव्हते.

नोकरीत मात्र त्यांनीच मला तारलं. घरातला थोरला मुलगा दरबारात धाडलास म्हणजे तुझा एक नांगऱ्या कमी झाला, आणि वाडीतले लोक तुला म्हणत होते की शिकलेला पोर आणि उडालेला पोपट सारखेच. तू ऐकून घेतलंस. मी छावणीचा कारकून झालो. दरबारची स्वारी फिरतीवर निघाली की एक दिवस आधी पुढे जाऊन तंबूंची जागा बघायची, हे माझं काम. थंडीत सूर्यमाळच्या माथ्यावर वारा असा सुटतो की मेखा उपटून निघतात. जुने लोक उंचावर तंबू देत, कारण तिथून दूरवर दिसतं. मी गुरं कुठे बसलीत ते पाहिलं आणि एका खोलगट भागात तंबू दिले. सगळे कुरकुरले. सकाळी कारभाऱ्यांच्या दिव्याची काचसुद्धा काळवंडली नव्हती. तेव्हापासून कचेरीत म्हणू लागले, निवांत जागा काढावी ती जामसरकरानेच. मी हवेत होतो. आता हवेतला माणूस कसा पडतो ते ऐक.

मुंबईचे एक बॅरिस्टर दरबारचे स्नेही होते. त्यांनी शिडाची होडी बांधून घेतली होती, मासे धरायला नाही, माल न्यायला नाही, नुसती फिरायला. पत्नीला बरोबर घ्यायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि रात्री होडीतच निजायचं. बंदरात निजावं तर गलका आणि सुक्या मासळीचा वास, बाहेर निजावं तर लाटा, आणि बाईंना होडी हलली की झोप येत नसे. म्हणून त्यांना बंदरापासून वेगळ्या, शांत जागा हव्या होत्या. हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी माझ्या हातात दोन ओळींचा हुकूम पडला. पाहुण्यांकरिता खाडीकाठी नांगरास योग्य, आडोशाच्या व निवांत अशा जागा पाहून त्यांची यादी गुणदोषांसह रुजू करावी. कारभाऱ्यांनी विचारलं, समजलं ना? मी म्हणालो, समजलं, रावसाहेब.

बा, जामसरच्या माणसाला नांगर म्हटल्यावर काय दिसणार? मला बैल दिसले, जू दिसलं, तुझी पाठ दिसली. होडीलाही नांगर असतो, तो लोखंडाचा असतो, दोराला बांधून पाण्यात टाकतात आणि त्याच्या जोरावर होडी उभी राहते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी समुद्र पाहिलेला नव्हता. मला वाटलं, बॅरिस्टरसाहेबांना शेतीची हौस आली आहे. आडोसा कशाला, तर वाऱ्याने पीक लोळू नये म्हणून. निवांत कशाला, तर मोठ्या माणसांच्या लहरी. शंका आली नाही असं नाही. पण सूर्यमाळपासून मी स्वतःला मोठा शहाणा समजत होतो, आणि शहाणा समजल्या गेलेल्या माणसाला प्रश्न विचारायची चोरी असते.

खाडी मी पहिल्यांदा पाहिली ती ओहोटीला. पाणी दूर गेलेलं आणि डोळे पोहोचतील तिथवर काळा, चकाकणारा चिखल. एक बांध नाही की एक दगड नाही. मला हसू फुटलं. म्हटलं, एवढी जमीन टाकून हे लोक मासे कशाला मारतात? जेवून परत आलो तर जमीन गेलेली. माझी पाचावर धारण बसली. एका म्हाताऱ्या कोळ्याला विचारलं तर तो म्हणाला, भरती आली. तू जेवलास तोवर ती बी जेवायला आली. मी विचारलं, मग इथे भात होणार कसा? त्याने सांगितलं की खाडीच्या कडेला बांध घालून लोक खाजणात, म्हणजे खाऱ्या दलदलीत, भात पिकवतात. झालं. माझी शंका फिटली आणि चूक पक्की झाली. खरं उत्तर चुकीच्या प्रश्नाला मिळालं की असंच होतं.

मग वीस दिवस मी ती खाडी पायांनी वाचली. ओहोटी लागली की धोतर खोचून उतरायचं, टाच, भार, दहा श्वास. रेताड जागा सोडल्या. खडकाच्या सोडल्या. वरून देखणा आणि आतून ताकासारखा गाळ होता तोही सोडला. वारा बघायला तिकडे गुरं नव्हती, पण बगळे होते. संध्याकाळी ते कुठल्या वळणावरच्या तिवरांच्या झाडांत जाऊन बसतात ते पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथे जायचं. अकराव्या जागी तर गंमतच झाली. तिथे ओहोटीतही पाणी पुरतं हटत नव्हतं. मी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक तिवराला बांधलं, गळ्याएवढ्या पाण्यात उतरलो, टाच घातली आणि पाय सुटेचना. भरती चढू लागली होती. कालवं काढणाऱ्या दोन बायका आल्या म्हणून आज हे पत्र लिहितोय. दोघींनी दोर धरून मला ओढून काढलं. त्यातली थोरली म्हणाली, काय रे दादा, बायको बुडाली का हंडा बुडाला? मी म्हणालो, जमीन बघतोय. त्यावर त्या मला रस्त्यापर्यंत पोहोचवून मगच परत गेल्या.

यादी मी रकान्यांची घरं पाडून सुबक लिहिली होती. जागा, वारा, चिखल, पाणी, दोष, आणि शेवटचं घर भाताच्या अंदाजाचं. अकरावी जागा शेवटी टाकली, कारण ती सगळ्यांत वाईट होती. तिथे मी लिहिलं होतं: तिन्ही बाजूंनी उंच कड, वारा मुळीच नाही, उफणणी कशी करावी हा प्रश्न. ओहोटीसही पाणी हटत नाही. चिखल धरील तर सोडत नाही, नांगर रुतून बसेल, बैलांस ओढवणार नाही. वस्ती नाही, वाट नाही. भात शून्य. जव्हारला येऊन मी ते कागद अदबीने मेजावर ठेवले. हेडकारकुनाने शेवटच्या घरावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. मग कचेरीत जे हसू उठलं ते अंगणात गेलं, अंगणातून बाजारात गेलं, आणि संध्याकाळपर्यंत पानवालाही मला विचारू लागला की समुद्रात बैल पोहतात की बुडतात. होडीचा नांगर काय असतो ते मला त्या दिवशी कळलं, कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा.

कारभारी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. पाहुणे चार दिवसांत निघणार होते, दुसरी यादी करायला वेळ नव्हता आणि दरबारचा शब्द पाहुण्यांना गेलेला होता. ते म्हणाले, "ही यादी घेऊन तूच त्यांच्यापुढे उभा राहा आणि तूच वाचून दाखव. त्यांच्या उपयोगाची ठरली तर परत ये. नाही ठरली तर परस्पर जामसरला जा. तिथे तुझा नांगर आहेच."

ते चार दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. नोकरी जाण्याचं भय होतंच, पण त्याहून मोठं भय तुझं होतं. तू रागावला असतास असं नाही. तू म्हणाला असतास, आला तर बरं झालं, आणि जू माझ्या हातात दिलं असतंस. पण वाडी तुला काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं, आणि तू तेही ऐकून घेतलं असतंस. मला ते सोसवलं नसतं.

खाडीच्या तोंडाशी उभी असलेली होडी सुंदर होती. पांढरी, लहानशी, लग्नघरासारखी सजवलेली. बॅरिस्टरसाहेब भले गृहस्थ, त्यांच्या बाई थकलेल्या, कारण दोन रात्री झोप नव्हती. त्यांचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य, साठीचा कोळी होता. तो कुणाच्या तोंडाकडे बघत नसे, आभाळाकडे बघे. मी यादी वाचायला लागलो. भाताचं घर मी गिळून टाकलं, बाकीचं वाचलं. पहिल्या जागेला तांडेल आभाळाकडे बघत होता. तिसरीला त्याने मान खाली केली. अकरावी वाचली तेव्हा त्याने मला थांबवलं.

"पाय सोडीत नाय म्हंजे कसा? पुन्हा वाच."

मी वाचलं. तो म्हणाला, ओहोटीला बी पानी ऱ्हाते? मी म्हणालो, राहतं, तोच दोष. तो म्हणाला, आणि वारा? मी म्हणालो, मुळीच नाही, तोही दोष. वस्ती? नाही. तेव्हा तो पहिल्यांदा हसला, आणि साहेबांकडे वळून म्हणाला, "साहेब, ह्या माणसाने दोष म्हणून लिवलंय तेवढा सगला आपला गुन हाय."

बा, त्या क्षणी मला काय झालं ते कसं सांगू? ज्या ज्या कारणासाठी ती जमीन शेताला टाकाऊ होती, त्या त्या कारणासाठी ती होडीला सोन्यासारखी होती. शेताला पाणी हटायला हवं, होडीला राहायला हवं. नांगऱ्याला नांगर सुटायला हवा, तांडेलाला रुतायला हवा. मी वीस दिवस चुकीच्या हेतूने हिंडलो आणि एकूण एक गोष्ट बरोबर तपासली. दोन्ही नांगरांना लागतो तो चिखलच, आणि चिखल मला तू शिकवला होतास.

त्या दिवशी दुपारनंतर उत्तरेचा वारा उठला. बाकीची गलबतं बंदरात गेली. साहेबांचं मनही बंदराकडे होतं, पण तांडेल म्हणाला, कारकुनाच्या अकराव्या जागी जाऊ. मी होडीत बसलो नाही, मला धीर झाला नाही. काठाकाठाने गेलो, होडी वळणाआड जाऊन उभी राहिलेली पाहिली आणि पलीकडच्या पाड्यात एका घरी पथारी टाकली. पत्रा उडेल की काय असा वारा होता. मला झोप लागली, हे खरं सांगतो. वीस दिवसांची आणि चार दिवसांची झोप होती ती.

उजाडल्यावर मी पळत वळणावर गेलो. कडेच्या माथ्यावरची झाडं अजून वाकत होती आणि खाली पाण्यावर बगळ्याचं पीस पडलेलं, ते जागचं हलत नव्हतं. होडी काल होती तिथेच. बाई बाहेर येऊन बसल्या होत्या, चहा पीत होत्या. मला बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, भाऊ, मी उशिरा उठले. बंदरातून आलेल्या माणसाने बातमी आणली की तिथे तीन गलबतांचे नांगर रात्री वाळूत फरफटले, एक तर खडकावर जाऊन लागलं. मग निघायची वेळ झाली आणि इकडे नांगर वर येईना. दोघे खलाशी लागले, मग तिसरा, मग तांडेल स्वतः. शेवटी तो निघाला तेव्हा त्याच्या पात्यांना काळ्या चिखलाचा एवढा गोळा लागलेला की होडी झुकली. तांडेलाने त्यातला मूठभर काढला, दाबला, वास घेतला, आणि काठावर मला ऐकू येईल असं ओरडला, "हिला धर हाय." तुझाच शब्द, बा. समुद्रावरच्या माणसाच्या तोंडात. मी तिथे चिखलात बसून रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. साहेबांनी दरबारला पत्र लिहिलं, अकराही जागा पाहून झाल्यावर. कारभाऱ्यांनी ते भर कचेरीत मला वाचायला लावलं, हेडकारकून उभा राहून ऐकत होता. दरबारातून मला पागोटं मिळालं. बाजारातून ते घालून गेलो तेव्हा पानवाल्याने फुकट विडा दिला, आणि मी त्याला विचारलं, काय मग, बैल पोहतात की बुडतात? त्याने कान पकडले.

ते पागोटं घालूनच मी जामसरला आलो. तू खळ्यात होतास. पागोटं काढायला लावून हाताने चाचपलंस, परत माझ्या डोक्यावर ठेवलंस आणि विचारलंस, कशापायी दिला? मी म्हणालो, खाडीत नांगराला जागा शोधल्या. तुझा चेहरा असा फुलला की मी तो विसरणार नाही. दरबारला जमिनीचं काम पडलं तेव्हा आपलाच पोर लागला, असं तू सगळ्या वाडीला सांगून आलास, परत आलास, आणि विचारलंस, भाताला बांध मोठा घालावा लागंल ना? मला तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ज्या चुकीला सगळं जव्हार हसलं ती चूक तुझ्या तोंडी इतकी खरी वाटत होती की मी म्हणालो, हो, मोठा बांध लागेल.

मग दर वर्षी मी दिवाळीला आलो की तू विचारायचास, तुझ्या त्या जागेत भात कसा आला. मी सांगायचो, बरा आला. एका वर्षी तर मी तुला खोडकिडाही सांगितला, आणि तू त्यावर उपाय सांगितलास. हे पत्र टाकायचं कुठे, आणि तू असतास तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. ते माझ्याने झालं नसतं, म्हणून आज लिहितोय. शेवटच्या वर्षी तू अंथरुणावरून उठत नव्हतास आणि म्हणालास, त्या भाताचे मूठभर दाणे आण, मला बघायचा हाय. मी आणून तुझ्या हातावर ठेवले. तू एक दाणा दाताखाली फोडलास, बराच वेळ चघळलास आणि म्हणालास, "खाऱ्या जमिनीला इतका गोड येत नाय." माझ्याकडे बघितलंस, मूठ मिटलीस, आणि मग म्हणालास, चांगला पिकवलास. तुला कळलं होतं की नव्हतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

ते दाणे आपल्याच कणगीतले होते, बा.